बाबांच्या बाजूचा ब्रेक

आमच्या घरात वेग ही शिवी आहे. कुणी भराभरा जेवलं तरी बाबा म्हणतात, "अगं, दुसऱ्या गिअरमध्ये जेव." बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक खोली, एक फळा, एक छोटी पिवळी गाडी, आणि त्या गाडीला दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या बाबांच्या पायाखाली. या दुसऱ्या ब्रेकवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं आणि आत्याचे दात बसवून झाले.

बाबांचा उजवा बूट नेहमी डाव्याच्या आधी फाटतो. बसमध्ये बसले तरी त्यांचा पाय समोरची फरशी दाबत असतो. घरी टीव्हीवर गाडीचा पाठलाग लागला की ते खुर्चीतल्या खुर्चीत ब्रेक मारतात आणि आई म्हणते, "वाचला हो बिचारा, तुमच्यामुळे."

अशा घरात मी सत्ताविसाव्या वर्षी जाहीर केलं की मी सुपरकार घेणार आहे.

आत्याने किंमत विचारली. मी सांगितली. आत्या बसलेलीच होती, म्हणून तिने पाय वर घेतले.

"भिंगरे," ती म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"अंथरूण माझं आहे आत्या. आणि पायही माझेच."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! एवढ्यात दोन घरं येतात, दोन!"

"एक घेऊन झालंय. तू त्यातच बसली आहेस."

हे खोटं नव्हतं. बाबांकडे शिकायला येणारी निम्मी माणसं रस्त्यावर जायच्या आधीच घाबरून अर्धमेली व्हायची. ती बघून मी कॉलेजात असतानाच एक सराव-खुर्ची बनवली होती. खुर्ची, स्टेअरिंग, तीन पेडल आणि समोर पडदा. पडद्यावर कुत्री आडवी येतात, ट्रक दिवा न दाखवता वळतो, म्हातारा मध्येच थांबून खिसे चाचपतो. माणूस घाबरतो, पण मरत नाही. ती खुर्ची आधी बाबांच्या स्कूलमध्ये बसली, मग शेजारच्या गावात, मग अशा अशा शहरांत जिथे मी अजून पाय ठेवलेला नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने माझा अर्धा हिस्सा विकत घेतला. बाबा त्या खुर्चीबद्दल एवढंच म्हणतात, "चांगली आहे. पण हिच्यात बसून घाम येत नाही."

आता परवडण्याबद्दल. त्या महिन्यात मला भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, परवडते का? मी रीतसर सांगायचे. राहत्या घराचे हप्ते फिटलेत, आई-बाबांच्या म्हातारपणाची सोय बाजूला ठेवली आहे, विम्याला फोन करून विचारलंय, टायर किती महाग ते माहीत आहे, वर्षाची सर्व्हिसिंगही धरली आहे. हे सगळं ऐकून घेऊन माणूस पुन्हा म्हणायचा, "हो, पण परवडते का?" तेव्हा मला कळलं की प्रश्न पैशाचा नाहीच. माझ्या जागी माझ्याच वयाचा मुलगा असता तर पोरगा कर्तबगार निघाला म्हणाले असते. मुलीने घेतली की पैसा डोक्यात गेला. गेला तर गेला. माझं डोकं, माझा पैसा.

फक्त बाबा काही बोलले नव्हते. हो नाही, ना नाही. आणि मला इतर कुणाच्या बोलण्याचं काही नव्हतं, बाबांच्या न बोलण्याचं होतं.

ते का, ते सांगायला हवं. बाबांच्या स्कूलमध्ये एक पद्धत आहे जी पाटीवर लिहिलेली नाही. शेवटच्या धड्याच्या दिवशी, शिकणारा यायच्या आधी, बाबा गाडीखाली हात घालून आपल्या ब्रेकचा दांडा सोडवून ठेवतात. पेडल तिथेच दिसतं, पण ते मुकं झालेलं असतं. दाबलं तर नुसतं खाली जातं. शिकणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. तो रोजच्यासारखा बाजारातून, चौकातून, चढावरून गाडी आणतो. परत आल्यावर बाबा त्याच्यादेखत आपलं पेडल खटाखट दाबून दाखवतात आणि म्हणतात, "आज मी नव्हतोच. सगळं तुम्हीच केलंत." मोठमोठी माणसं यावर रडलेली मी पाहिली आहेत. एका निवृत्त शिक्षिकेने बाबांना पर्सने मारलं होतं आणि मग हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नव्हता.

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा मीही शिकले. मला तर ही पद्धत माहीत होती. शेवटच्या दिवशी मी अख्खं शहर फिरवून गाडी स्कूलसमोर आणत होते आणि मनातल्या मनात नाचत होते. थांबायला चार हात राहिले असतील, बाबांनी सवयीने पाय दाबला. गाडी गचकन थांबली. ब्रेक लागला होता. त्यांनी दांडा काढलाच नव्हता.

"का?" मी विचारलं.

"तू माझी मुलगी आहेस," बाबा म्हणाले.

जणू ते उत्तर होतं! शेकडो परक्या माणसांवर विश्वास, आणि पोटच्या पोरीवर नाही. मी लायसन्स घेतलं, स्वतःची साधी गाडी घेतली, वर्षानुवर्षं चालवली. बाबा माझ्या शेजारी बसले की त्यांचा पाय माझ्या गाडीतली फरशी दाबतो. मी चौकात सुरेख गाडी थांबवते आणि शेजारून पायाचा आवाज येतो. नऊ वर्षं मी तो आवाज ऐकते आहे. मला राग येतो, आजही येतो.

तेव्हा मी सुपरकार का घेतेय याचं खरं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग, मला ती हवी आहे. लहानपणी मागच्या सीटवर बसून मी शिकाऊ लोकांच्या वेगाने जग पाहिलं, सायकलवाले आम्हाला मागे टाकायचे. दुसरा भाग, त्या गाडीला दोनच सीट असतात. एकीवर मी. दुसरीवर बाबा, आणि त्यांच्या पायाखाली काहीही नाही.

"बाबा, गाडी बघायला चला," मी म्हटलं.

"मी कशाला?"

"बसायला."

बाबांनी बुटांना पॉलिश केलं आणि आले. आम्ही गेलो त्या पिवळ्या गाडीतूनच, कारण माझी गाडी आईने नेली होती. छपरावर स्कूलची पाटी, मागे लाल अक्षरातला L. शोरूमच्या वॉचमनने आम्हाला हाताने पुढे जा, पुढे जा केलं. रस्ता चुकलेल्यांना तो तसंच करत असणार. मी त्याच्या खुणेकडे पाहत पाहत गाडी दारासमोर लावली.

आत इतकं स्वच्छ होतं की बाबा पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत राहिले. मॅनेजर आला. केसांपासून बुटांपर्यंत कुठे सुरकुती नाही असा माणूस. त्याने बाबांशी हात मिळवला, मला मान हलवली.

"या सर. मॅडमना रंग दाखवू का तोवर?"

"गाडी ती घेणार आहे," बाबा म्हणाले.

"हो हो, सर, लेकीला भेट. छान."

"भेट नाही," मी म्हटलं. "फोनवर बोलणं झालंय. बँकेचं पत्र तुमच्याकडे पोचलंय, माझ्या नावाचं. मला चालवून बघायची आहे."

त्याने भिंतीवरच्या काचेच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं की तीस वर्षांखालील ग्राहकांना टेस्ट ड्राइव्हमध्ये स्टेअरिंग दिलं जाणार नाही.

"विम्याची अट आहे का?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं. विमावाले माझ्याकडून दाम जास्त घेणार होते, पण नाही म्हणत नव्हते.

"नाही मॅडम, आमची स्वतःची. तरुण लोकांना ताकद कळत नाही गाडीची."

"आणि घेतल्यावर?"

"घेतल्यावर काय, तुमचीच गाडी!"

"म्हणजे पैसे देईपर्यंत मी लहान, आणि पैसे दिले की त्याच मिनिटाला मोठी?"

तो हसला. हसायला त्याला पगार मिळत असावा. मग त्याला एक मार्ग सुचला आणि तो त्याने बाबांना सांगितला, मला नाही. "सर, तुम्ही एवढे अनुभवी. तुम्ही चालवा, मॅडम शेजारी बसतील. गाडीत तिसरी जागा नाही, म्हणून मी मागून दुसऱ्या गाडीत येतो. एवढी सवलत आम्ही कुणाला देत नाही. फक्त स्टेअरिंग तुमच्याच हातात राहील, एवढा शब्द द्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायला मी एवढं कमावलं नव्हतं. "चला बाबा," मी म्हटलं आणि दाराकडे वळले.

"शब्द दिला," बाबा म्हणाले. मॅनेजरला.

मी गर्रकन फिरले. "बाबा!"

"बस गाडीत."

"मी नाही बसणार. मला चालवू देत नाहीत आणि तुम्ही..."

"बस म्हटलं ना."

शिकाऊ माणूस भर चौकात स्टेअरिंग सोडून डोळे झाकतो तेव्हा बाबा ज्या आवाजात बोलतात, तो हा आवाज. त्याच्यापुढे अजून कुणाचं काही चाललेलं नाही. मी बसले. पण गाल फुगवून बसले, ते बाबांना दिसावेत अशी मान वळवून.

गाडी जमिनीला इतकी लागून होती की बाबांना आत शिरताना एक हात छपराला, एक हात माझ्या खांद्याला लावावा लागला. आत बसल्यावर त्यांनी आरसे लावले. आधी मधला, मग दोन्ही बाजूंचे. पट्टा ओढून पाहिला. मग खाली वाकून बघू लागले.

"क्लच कुठे आहे?"

"नाही यात."

"मग डावा पाय काय करतो?"

"आराम."

"अरे वा," बाबा म्हणाले. त्यांनी इंजिन सुरू केलं. माझ्या पाठीच्या मणक्यातून आवाज वर गेला आणि फुगलेले गाल आपोआप उतरले, त्याला माझा इलाज नव्हता.

आणि मग बाबांनी ती गाडी चालवली. काय सांगू! दिवा दाखवून, डावीकडे बघून, उजवीकडे बघून, पुन्हा डावीकडे बघून त्यांनी ती रस्त्यावर आणली आणि पिवळ्या गाडीच्याच वेगाने निघाले. आम्हाला एका बसने मागे टाकलं. मग एका टेम्पोने, ज्यात गाद्या भरल्या होत्या. मागे मॅनेजरची पांढरी गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. माझा पाय माझ्या बाजूला नसलेला ॲक्सिलरेटर दाबत होता. बापाचा पाय ब्रेक शोधतो आणि लेकीचा ॲक्सिलरेटर, एवढंच आमच्यातलं नातं.

"बाबा, हिला लाज वाटत असेल."

"कोणाला?"

"गाडीला."

बाबांनी आरसा पाहिला. शहर संपलं. पुढे गोदामांच्या मागचा सरळ, रुंद, रिकामा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती, एकही फाटा नाही. बाबांनी दिवा दाखवला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"उतर," ते म्हणाले. "पुढून वळून ये. मागची गाडी बघून दार उघड."

हे वाक्य मी हजारदा ऐकलं आहे. धडा बदलायचा असला की बाबा शिकाऊ माणसाला हेच सांगतात.

"बाबा, तुम्ही शब्द दिलाय त्यांना."

"मला आठवतंय."

"तुम्ही कधी शब्द मोडत नाही."

"उतरतेस की पट्टा मी सोडू?"

मी उतरले. पुढून वळून आले. मागच्या गाडीचा हॉर्न वाजू लागला. मॅनेजरने दिवेही उघडझाप केले. मी स्टेअरिंगसमोर बसले, सीट पुढे घेतली, आरसे लावले. बाबा शेजारी बसले होते आणि खाली वाकून काहीतरी करत होते. मला वाटलं पट्टा अडकला. बघते तर ते बुटांच्या नाड्या सोडवत होते.

"बाबा, काय करताय?"

"थांब जरा. गाठ बसली आहे."

मागून हॉर्न. बाबांचा फोन वाजू लागला, त्यांनी तो बंद केला. एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही मांडीत घेतले. मग त्या चिंचोळ्या सीटवर, गुडघे कटकट वाजवत, एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि एकसष्ट वर्षांचा माझा बाप सुपरकारमध्ये मांडी घालून बसला. मोज्यांतले दोन्ही पाय सीटवर. फरशीवर काहीही नाही.

"आता मी नाही इथे," ते म्हणाले. "आरसा बघ. पुढे पाटी आहे, वेग लिहिलाय. तेवढ्यापर्यंत तुझं."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्यांचा प्रचंड राग आला, की एवढंच करायचं होतं तर नऊ वर्षं का लावली. दोन्ही घेऊन मी पाय दाबला.

त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. पाटीवरचा वेग आला तेव्हा मी अजून श्वास आत घेत होते. भिंती मागे गेल्या, हॉर्न मागे गेला, आत्या, अंथरूण, परवडते का, सगळं मागे गेलं. मी ओरडले. खरंच ओरडले. शेजारी बाबांनी बूट छातीशी धरले होते आणि डोळे मिटले होते. मिटूदेत. पाय वर होते. रस्त्याच्या टोकाला मी गाडी थांबवली, मुद्दाम सावकाश, पाण्याने भरलेलं पातेलं उचलून ठेवावं तशी. शेजारून पायाचा आवाज आला नाही.

बाबांनी डोळे उघडले. "थांबलो का?"

"थांबलो."

"कळलंच नाही," बाबा म्हणाले. ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी नसते.

परत येताना मीच चालवली. शोरूमच्या काचेच्या दारातून मी गाडी आत घेतली तेव्हा मॅनेजरची गाडी अजून यायची होती. तो धावतच आला. केसांची एक बट कपाळावर आली होती आणि त्यामुळे तो जरा माणसात आल्यासारखा वाटत होता.

"सर, तुम्ही शब्द दिला होता!"

बाबा मोज्यांवरच उतरले होते, बूट हातात. "दिला होता. मोडला. माफी मागतो तुमची. नऊ वर्षांपूर्वी हिचा एक धडा अर्धा ठेवला होता, तो आधी पुरा करायचा होता."

मॅनेजरला यातलं काही कळलं नाही. पण गाडी विकायची होती, हे त्याला कळत होतं. त्याने बट मागे सारली, हसू परत आणलं आणि सवयीने बाबांकडे वळला. "बरं सर, झालं ते झालं. मग बुकिंगचं?"

बाबांनी बुटाने माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे बूटच दाखवला. मी अजून स्टेअरिंगसमोर बसले होते. उतरले नव्हते, उतरणारही नव्हते.

"बुकिंग आजच करते," मी म्हटलं. "आधी ती पाटी काढा."

"कुठली?"

"तिशीची."

"मॅडम, ते मला वरच्यांना विचारावं लागेल."

"विचारा. मी बसलेय. सीट छान आहे."

तो आत जाऊन फोनवर बोलला. बाहेर आला, पुन्हा आत गेला. बाबा स्वागताच्या सोफ्यावर बूट शेजारी ठेवून बसले होते आणि कुणीतरी आणून दिलेली कॉफी फुंकर घालून पीत होते. एक कर्मचारी शिडी घेऊन आला. सोनेरी अक्षरांची पाटी खाली उतरली आणि भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली. उद्या ती परत लावतील, मला माहीत आहे. लावूदेत. गाडी न्यायला मी येणारच आहे, तेव्हा पुन्हा काढायला लावीन.

मग मी उतरले आणि सही केली. रंग मला विचारला गेला. मी सांगितला.

बाहेर वॉचमनने पिवळ्या गाडीचं दार उघडून धरलं. घरी जाताना मी चालवत होते आणि बाबा आपल्या जागेवर, आपल्या पेडलसमोर, बूट घालून. पहिला चौक आला. दिवा लाल झालेला मला लांबूनच दिसला होता, मी वेग कमी करत आणला होता, काहीही कमी नव्हतं. तरी बाबांनी कचकन ब्रेक दाबला. मी स्टेअरिंगवर आदळता आदळता राहिले. मागच्या रिक्षावाल्याने आम्हा दोघांचा उद्धार केला.

"सवय," बाबा खाली बघत म्हणाले.

"दाबा," मी म्हटलं. "या गाडीत हवा तेवढा दाबा, बाबा. तुमची गाडी आहे. माझ्या गाडीत तुम्हाला पेडल नाही."

दिवा हिरवा होईपर्यंत बाबांनी त्याचा विचार केला.

"मग चपला घालून येईन," ते म्हणाले. "काढायला सोप्या पडतात."